करंगळी वर करणारं पोर

आमच्या मराठी शाळांत मूल करंगळी वर करून उभं राहतं. ‘बाई, एकी.’ बाईंनी मान हलवली की पोर धूम पळतं आणि पाढा संपायच्या आत परत येऊन बसतं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मी ३१ वर्षं शिकवलं. त्या करंगळीमागं एखादा आजार उभा असू शकतो, हे शिक्षकांच्या टी.सी.एच. अभ्यासक्रमाला असताना मला कुणी शिकवलं नाही आणि नंतरच्या कुठल्या प्रशिक्षणातही त्याचा विषय निघाला नाही.

दुसरीत एक मुलगा होता. करंगळी वर करून गेला की दहा-दहा मिनिटं परतायचा नाही. परतला की चड्डी पुढून ओली असायची आणि पोरं नाकाला हात लावायची. आषाढातला दिवस होता, बाहेर धो धो पाऊस. तो बराच वेळ आला नाही म्हणून छत्री घेऊन मी मागं गेले. भिंतीला डोकं टेकून उभा होता. एक हात बेंबीच्या खाली पोटावर दाबलेला, मानेच्या शिरा ताठ झालेल्या, आणि पायाशी नुसते थेंब गळत होते. माझ्या डोळ्यांपुढं सगळं होतं आणि मी म्हणाले, ‘लवकर आटप रे, तिकडं बेरजा चालल्यात.’

आईला मी पुढं कधीतरी विचारलं. ती म्हणाली, ‘जन्मल्यापासनं असंच हाय बाई. कुंथल्याबिगर होतच नाही. डाक्टर म्हणाले, मोठा झाला की सुटंल.’ मलाही ते पटलं. चौथीत गेला तेव्हा त्याची उंची पहिलीतल्या पोराएवढी होती. तोंड पांढरंफटक. मग उलट्या सुरू झाल्या, चेहरा सुजला आणि घरच्यांनी बेळगाव गाठलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या निघाल्या. लघवीच्या नळीत जन्मापासून एक पातळ पडदा होता, झडपेसारखा. बारीक दुर्बीण आत घालून तो छाटला. वर टाका नाही, चीर नाही, तासाभराचंही काम नव्हतं. पण आठ वर्षं मागं तुंबलेल्या लघवीनं किडन्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो आता तरणा गडी आहे आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खुर्चीवर बसतो.

ज्याच्या शेतात पाट आहे त्याला हा आजार समजवायला चित्र लागत नाही. पाटाच्या तोंडाशी पाला अडकला की पाणी आधी मागं चढतं, मग बांध चिरत जातं. लघवीची पिशवी जोर लावून लावून जाड होते, तरी रिकामी होत नाही; उरलेली लघवी उलटी किडन्यांकडं चढते. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागं एकाला हा पडदा असतो. हा फक्त मुलग्यांचा आजार. धार बघितली तर तो पहिल्या आठवड्यातही कळू शकतो. बघायला यंत्र लागत नाही. लंगोट सोडून बाळाकडं दोन मिनिटं लक्ष द्यावं लागतं, एवढंच.

‘मोठं झालं की जाईल’ या वाक्यावर मी हा लेख लिहिते आहे. ते वाक्य खोटं असतं तर सोपं होतं. आपण ते कधीच टाकून दिलं असतं. ते बऱ्याच वेळा खरं असतं, म्हणून ते आजीच्या तोंडात असतं, गावच्या डॉक्टरच्या तोंडात असतं आणि माझ्याही तोंडात होतं. माझं म्हणणं असं, की हे वाक्य कुठल्या तक्रारीला लागू आहे आणि कुठल्या तक्रारीला ते पोराचा घात करतं, हे प्रत्येक आईला, अंगणवाडीच्या प्रत्येक बाईला, प्रत्येक आशाताईला आणि शिक्षकाला माहीत करून देणं हे सरकारचं काम आहे. आणि ते तिच्या भाषेत करून देणं हेही सरकारचंच काम आहे.

आधी ते खरं कुठं आहे ते सांगते, कारण उगाच भीती घालून मला कुणाला बेळगावच्या वाऱ्या करायला लावायच्या नाहीत. पाच वर्षांच्या आतलं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, यात आजार नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली पंधरा तरी करतात आणि पुढं दरवर्षी त्यांतली काही आपोआप थांबतात. आई किंवा बाप लहानपणी करत असेल तर मूल करण्याची शक्यता कितीतरी वाढते, म्हणजे ज्या बापाचा हात पोरावर उठतो त्यानं आधी आपल्या आईला विचारावं. मी एका पोराच्या मांडीवर उलथन्याचा चटका पाहिला आहे. सातवं वर्ष उलटलं, मुलाला स्वतःला लाज वाटू लागली, मामाच्या गावाला राहायला जायला ते घाबरू लागलं, की डॉक्टरांकडं न्यावं. त्यावर उपचार आहेत. चटका हा उपचार नव्हे. तसंच बाळाच्या शिस्नाची कातडी मागं सरकत नाही म्हणून ओढाओढ करायची नाही. जन्मतः ती जवळजवळ सगळ्यांचीच चिकटलेली असते, पुढं दोन-तीन वर्षांत बहुतेकांची सुटते, काहींची त्याहून उशिरा. मालिशवाल्या बायका आंघोळ घालताना ती जोरानं मागं ओढतात, जखम होते, जखमेचा वण आवळतो आणि जिथं काहीच नव्हतं तिथं आजार तयार होतो.

आता ते खोटं कुठं आहे.

धार बारीक आहे, थेंब थेंब होते, बाळ कुंथतं, लघवी करताना किंचाळतं: थांबायचं नाही. जन्मल्यावर २४ तासांत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना सांगायचं, आणि ४८ तास तर जाऊच द्यायचे नाहीत. मुलगी बाथरूमला जाऊन व्यवस्थित लघवी करते, तरीही तिची चड्डी दिवसभर ओलीच, एक तासही कोरडी नाही, तर ती आळशी नाही; एखाद्या मुलीची किडनीकडून येणारी नळी पिशवीत न उघडता भलत्या ठिकाणी उघडलेली असते. अशा मुलींना वर्षानुवर्षं वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं जातं. सहा महिने, वर्षभर कोरडं झोपणारं मूल अचानक पुन्हा अंथरूण भिजवू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वाळत चाललं, लघवीला मुंग्या लागल्या, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची. उद्या नाही. मुलाच्या अंडाला एकाएकी कळ येऊन सूज आली तर हातात सहा तासांच्या आसपास वेळ असतो. मध्यरात्री गाडी काढावी लागली तरी काढायची.

लघवीचं छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असणं, हा दोष तर अजिबात दुर्मीळ नाही, दोन-तीनशे मुलग्यांमागं एकाला असतो. त्याचं ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात, म्हणजे मुलाला आठवण राहत नाही. इथं एक गोष्ट आमच्या मुसलमान शेजाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. असं बाळ जन्मलं की ‘हा सुंता होऊनच आला’ म्हणून घरात आनंद होतो. त्या आनंदाला मी नाव ठेवत नाही, पण बाळाला आधी सर्जनला दाखवा आणि सुंता थांबवा, कारण छिद्राची दुरुस्ती करायला तीच कातडी लागते. अंड खाली उतरलेलं नसेल तर सहा महिने वाट पाहायची, त्यानंतर नाही; वर्ष-दीड वर्षाच्या आत ते खाली आणून बसवावं लागतं. आमच्याकडं लग्न ठरायच्या वेळी हे बाहेर आलेलं मी ऐकलं आहे.

आणि ताप. या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भांडेन. दोन वर्षांच्या आतलं लेकरू तापानं फणफणलं, सर्दी नाही, खोकला नाही, कान फुटलेला नाही, की आपल्याकडं म्हणतात, ‘दात येऊलालेत.’ नाहीतर दृष्ट. मीठ-मोहरी ओवाळून टाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन. ताप उतरतो. महिन्यानं पुन्हा येतो. कारण न सापडलेल्या अशा तापाच्या शंभर बाळांत सुमारे सात जणांच्या लघवीत जंतू असतात, आणि लघवी तपासल्याशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नाही. बाळ बोलत नाही, त्याला उन्हाळी लागली हे त्याला सांगता येत नाही. ते फक्त तापतं, दूध टाकतं आणि किरकिरतं. किडनीपर्यंत पोचलेल्या जंतूंवर दोन-तीन दिवसांत योग्य औषध पडलं नाही तर किडनीवर व्रण राहू शकतो. तो व्रण दिसत नाही. वीस वर्षांनी कधीकधी ब्लडप्रेशर म्हणून दिसतो.

लघवी तपासायची म्हणजे काय, हेही नीट सांगायला हवं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन तीत लघवी आणलेल्या आया मी दवाखान्याच्या बाकावर पाहिल्या आहेत. त्या बाटलीत औषधाची साखर असते, हाताचे जंतू असतात, त्या तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही. निर्जंतुक डबी मागून घ्यायची, ॲन्टिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी नमुना द्यायचा, आणि कल्चरला दोन दिवस लागतात हे समजून घ्यायचं. बाळाचा नमुना मिळवायची एक पद्धत मी माझ्या नातीच्या वेळी पाहिली. वॉर्डातल्या मावशींनी आधी तिला पोटभर पाजायला सांगितलं, मग मांडीवर धरून ओटीपोटावर गार पाण्याचा बोळा गोल गोल फिरवला, तोंडानं ‘श्शूऽऽ श्शूऽऽ’ चालू. तीन-चार मिनिटांत धार लागली. पहिली थोडी जाऊ दिली आणि मधली डबीत झेलली. ‘श्शू’ करून बाळाला मुतवणं आपल्या प्रत्येक आजीला येतं. डबी कुठं धरायची तेवढंच शिकवायचं आहे.

असा ताप एकदा येऊन गेला तर सोनोग्राफी, पुन्हा आला किंवा सोनोग्राफीत काही दिसलं तर पुढच्या तपासण्या, आणि तिथं मात्र तज्ज्ञ लागतो. आधी बालरोगतज्ज्ञ. ते ठरवतील की अडचण बांधणीची आहे का, म्हणजे नळी, पिशवी, अडथळा; तर बालशल्यविशारद किंवा मूत्ररोगतज्ज्ञ. की अडचण किडनीच्या कामाची आहे, सकाळी डोळे सुजतात, लघवीला फेस येतो, लघवी चहाच्या रंगाची होते. तर किडनीचे डॉक्टर. आमच्या भागातले लोक हे दोन डॉक्टर एकच समजतात आणि चुकीच्या दारात महिनाभर घालवतात.

इथवर मी घरांना बोलले. पण सगळा भार आईवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत, शाळेत येतात, मुलांना तपासतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तीस आजारांची यादी ठरवली गेली. त्यात जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत. फाटलेला ओठ आहे, वाकडे पाय आहेत, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष, पाठीच्या कण्याचा दोष आहे. लघवीच्या मार्गाचा एकही दोष त्यात नावानिशी नाही. खाली न उतरलेलं अंड नाही, चुकीच्या जागचं छिद्र नाही, तो पडदा नाही. चांगला डॉक्टर यादीबाहेरचंही बघतो, हे मला ठाऊक आहे. पण दिवसाला शंभर पोरं तपासायची असतात तेव्हा डोळे यादीच्या मागं जातात. आमच्या शाळेत पथक यायचं तेव्हा पोरांना आ करायला लावायचे, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघायचे, वजन-उंची घ्यायचे. धार कशी आहे, हे कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. तो दुसरीतला मुलगाही अशाच एका रांगेत उभा राहिला होता, दोनदा.

आशाताईंचंही तेच. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. सहा वेळा बाळ त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पुढं लशीला बाळ दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांना येतं. म्हणजे पहिल्या वर्षात सरकारचं माणूस आणि बाळ निदान दहा वेळा समोरासमोर येतात. माझ्या पाहण्यात लघवी झाली का, एवढं विचारलं जातं; कशी झाली, हे विचारलं जात नाही. नवी योजना नको, नवी इमारत नको, या दहा भेटींत एक प्रश्न घाला, असं माझं मागणं आहे. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासायच्या पट्ट्या संपणार नाहीत, एवढं बघा. पट्टीवर संशय आला तरच नमुना पुढं कल्चरला जाईल.

यावर मला एका डॉक्टरांनीच विचारलं होतं, ‘बाई, सगळ्यांनी धार बघायला सुरुवात केली तर आमच्या दारात जत्रा भरेल, आणि त्यांतली निम्मी पोरं धडधाकट असतील.’ हा आक्षेप खरा आहे. मुलांवरचे असे सर्जन मोजके आहेत. पण आज काय होतं तेही बघावं. आज कातडीसाठी आणि चार वर्षांच्या पोरानं अंथरूण ओलं केलं म्हणून लोक पदरमोड करून शहर गाठतातच, आणि कुंथणारं पोर घरी बसतं. जत्रा आहेच, ती चुकीच्या पोरांची आहे. आशाताईला कुणाला थांबवायचं हे कळलं तर ती निम्मी घरी परत पाठवेल. शिवाय उशिरा आलेल्या एका पोराचा डायलिसिस आयुष्यभराचा असतो. लवकर आलेल्या पोराचं ऑपरेशन एकदाचं.

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक गाठ आहे. आमच्या मुली दोन्हीकडं दिल्या-घेतल्या जातात. चंदगड, गडहिंग्लजची मुलगी निपाणीला किंवा बेळगावला नांदायला येते. सातव्या महिन्यात सोनोग्राफी इथं होते. ‘बाळाच्या एका किडनीला थोडं पाणी दिसतंय, जन्मल्यावर बघू’ असं सांगतात. मग ओटीभरण होतं आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी जाते. बाळ कोल्हापूर जिल्ह्यात जन्मतं. तिथल्या डॉक्टरांच्या हातात इथला रिपोर्ट नसतो. तो सासरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली. बारसं होतं, तिसऱ्या महिन्यात बाळ इकडं येतं, आणि ‘जन्मल्यावर बघू’ हे बघायचं राहूनच जातं. पोटातल्या बाळाच्या किडनीची अशी सूज बहुतेक वेळा आपोआप जिरते. पण ती जिरली की वाढली हे कळायला जन्मल्यावर पुन्हा सोनोग्राफी लागतेच. ती पहिले दोन दिवस सरल्यावर करतात, कारण आधी बाळाला लघवीच कमी होत असते आणि सूज लपून राहते. मुलगा असेल आणि दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील तर मात्र दोन दिवसही थांबायचं नसतं. ही सूचना कर्नाटकाच्या तायी कार्डावर आणि महाराष्ट्राच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिली गेली पाहिजे, बाईच्या सोबत ती माहेरी गेली पाहिजे. दोन राज्यांची खाती एकमेकांशी बोलत नसतील तर बाईच्या पिशवीतला कागद तरी बोलावा.

भाषेचा प्रश्न मी कटुता वाढवायला काढत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्टीतली आई पावसाळ्यात दोन गाड्या बदलून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचते. समोरचा शिकाऊ डॉक्टर कन्नड बोलतो, कधी तो दूरच्या राज्यातला असतो आणि त्यालाही कन्नड नुकतंच येऊ लागलेलं असतं. तिला कन्नडचे चार शब्द येतात. ज्वर येतो, नोवु म्हणजे दुखणं येतं. ती ‘ज्वर’ म्हणते आणि तापाचं औषध घेऊन परत येते. ‘लेकरू मुतताना कुंथतंय, धार बारीक हाय’ हे तिच्या तोंडून बाहेर पडतच नाही. त्याला शब्द नसतात, आणि परक्या पुरुषापुढं ते खुणांनी सांगायची लाज वाटते. हेच हाल अथणीकडच्या कन्नड आईचे मिरजेत होतात, तेही मला दिसतं. १९५६ नंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं ठरली त्यांत म्हटलं आहे, की ज्या भागात पंधरा टक्के लोक एखादी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात. आजारी लेकराबद्दलच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कुठली?

महाराष्ट्रानं २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकानं हरकत घेतली. कोण बरोबर हा वाद मी इथं काढत नाही. या भागातल्या कुठल्याही मराठी माणसाप्रमाणं माझंही त्यावर मत आहे आणि ते लपलेलं नाही. पण ज्याच्या किडनीत लघवी उलटी चढते आहे त्या पोराला कुठल्या कार्डावर दाखल करून घेतलं यानं काही फरक पडत नाही, ते आजच्या आज दाखल होण्यानं पडतो. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, कागवाडच्या माणसाला मिरज जवळ, चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ. लोक शेकडो वर्षं तसेच जात आले आहेत. दोन्ही सरकारांनी निदान अठरा वर्षांखालच्या मुलांपुरतं एकमेकांचं कार्ड चालवून घ्यावं. नकाशा कोर्टात आहे तो कोर्टात राहू दे.

आणि शाळा. मुलांच्या लघवीच्या तक्रारींचा मोठा भाग कुठल्याही जन्मजात दोषाचा नसतो. तो आम्ही शाळेत तयार करतो. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची आहेत. ती बांधलेली असतात. त्यांना कुलूप असतं, किंवा आत पाणी नसतं, किंवा कडीच नसते. मुली सकाळी घरून पाणी न पिता येतात आणि संध्याकाळी पाचपर्यंत दाबून धरतात. पाचवी-सहावीच्या मुलींना मी पायाला पाय वळवून, टाचेवर बसून लघवी अडवताना पाहिलं आहे. त्यातून उन्हाळी लागते, जंतू होतात, पिशवी पूर्ण रिकामी करायची सवय मोडते. वर मलावरोध असेल तर तो पिशवीला आणखी दाबतो. केरळनं २०१९ साली शाळांत पाणी प्यायची घंटा सुरू केली, मागोमाग कर्नाटकानंही केली. घंटा चांगली आहे. पण पाणी प्यायलेल्या पोरीला तासाभरानं जायला जागा लागते. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसातून काढून खुंटीवर टांगली, आतून कडी बसवून घेतली आणि दारात पाण्याचा पिंप ठेवला. सहा महिन्यांत मुलींच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होऊन घरी जाऊ लागल्या.

शेवटची दोन वर्षं आमच्या शाळेत पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेली एक मुलगी होती. पाठीवरची गाठ लहानपणीच ऑपरेशननं काढलेली, चालायची थोडी लंगडत. तिच्या पिशवीला भरल्याची जाणीव नव्हती. आई दर तीन-चार तासांनी येऊन, साबणानं हात धुऊन, बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची आणि पुन्हा रानात जायची. हे घरी, स्वच्छ हातांनी करता येतं, दवाखान्यातलं निर्जंतुक वातावरण लागत नाही, हे १९७२ पासून वैद्यकाला ठाऊक आहे आणि त्यानं अशा असंख्य मुलांच्या किडन्या वाचल्या आहेत. आईला फक्त एक बंद होणारी खोली हवी होती. आम्ही पोषण आहाराच्या सामानाची खोली अर्धी रिकामी करून दिली. चौथीत ती मुलगी आरसा धरून नळी स्वतः घालायला शिकली आणि आईच्या येरझारा थांबल्या.

निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या बायकांबरोबर बसते. आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायला एक निवेदन तयार केलं आहे. तायी कार्डावर लशीच्या तारखांचा जो तक्ता असतो, त्याच्या शेजारी एक रकाना वाढवावा, असं त्यात आहे. रकान्याच्या माथ्यावर दोन ओळी. वर कन्नडमध्ये, ‘मगुविन मूत्रद धारे हेगिदे?’ खाली मराठीत, ‘बाळाच्या लघवीची धार कशी आहे?’ दोन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच निघाला, याचं आम्हांला सगळ्यांनाच बरं वाटलं. पुढं तीन चौकोन, ज्यावर आशाताईनं खूण करायची: जोरात, बारीक, थेंब थेंब. आणि शेवटच्या दोन्हींपुढं बाण काढून बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीचा वार.